चुनेवाली सिन्योरा

माणसं दुसऱ्याच्या घरी गेली की आधी पडदे बघतात, मग सोफा, मग चहा येतोय का ते बघतात. ती आधी भिंत वाजवायची. बुइटनव्हेल्डर्ट या उपनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ती पहिल्यांदा आली ती साखर मागायला किंवा ओळख करून घ्यायला नव्हे. दार उघडल्या उघडल्या मला बाजूला सारून ती आत शिरली, बैठकीच्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठोकठोक केलं, कान लावला आणि डॉक्टरने आशा सोडावी तशी मान हलवली. "पुठ्ठा," म्हणाली. मग स्वयंपाकघरातली भिंत वाजवली. "पुठ्ठा." न्हाणीघराकडे निघाली तेव्हा मात्र मी आडवी आले, कारण आत आमचे हे अंघोळ करत होते.

ती आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. इटालियन, साठीच्या पुढची, चित्रकार. डच नवरा कधीच सोडून गेला होता, पण त्याचा देश तिच्याकडे राहिला होता. ही दोन हजार पाच-सहाच्या आसपासची गोष्ट. तिला सगळे सिन्योरा म्हणायचे, मी मनातल्या मनात चुनेवाली म्हणायचे, कारण तिच्या कपड्यांना, केसांना, तिने हातात धरलेल्या चहाच्या कपालासुद्धा ओल्या चुन्याचा वास असायचा. आणि ती मलाही सिन्योराच म्हणायची. आमचं बोलणं इंग्रजीत, त्यात माझं मोडकं डच आणि तिचं हातवाऱ्यांचं इटालियन. पण तिचा सूर असा होता की मला त्यातून सारखं 'अगं ए' ऐकू यायचं.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर तिची गंमत कळायची नाही. मी पंचेचाळिशीची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. आता पासष्टी उलटली, नातवंडं झाली, तेव्हा कुठे तो शहाणपणा जरा ओसरलाय. पुण्यात शाळेत विज्ञान शिकवायचे. यांना कंपनीने इथे पाठवलं, शेजारच्या काचेच्या उंच इमारतींपैकी एकीत, आणि नोकरी सोडून मी मागोमाग आले. यांच्या रहिवासी परवान्याच्या कार्डावर यांचं कौशल्य लिहिलेलं होतं. माझ्या कार्डावर मी यांची कोण लागते ते. लेक डेल्फ्टला शिकत होती, ती शनिवारी धुण्याची पिशवी घेऊन यायची आणि रविवारी डबे घेऊन जायची. उरलेले पाच दिवस मी काय करायचे? कलेची जाणकार होत होते. संग्रहालयांचा वर्षभराचा पास काढला होता. प्रत्येक चित्रापुढे डोकं तिरपं करून उभी राहायचे, कारण माझ्या मते जाणकार तसेच उभे राहतात. 'टेक्स्चर' हा शब्द मला नवाच सापडला होता आणि मी तो आमटीलाही लावायचे.

तर अशी मी एक दिवस तिचं काम बघायला तळमजल्यावर गेले. आमच्या इमारतीत प्रत्येकाला सामान ठेवायला खाली एक कोठी होती. बाकीच्यांच्या कोठीत सायकली आणि ख्रिसमसची झाडं. हिने शेजारची रिकामी कोठीही भाड्याने घेऊन तिथे चित्रशाळा थाटली होती. भिंतीला टेकवून दारांएवढाले लाकडी फळे उभे होते आणि त्यांच्यावर गिलावा. खरोखरचा गिलावा, वाळू आणि चुना आणि संगमरवराची पूड, थरावर थर. कुठे फणीने ओढल्यासारखे चरे, कुठे गोणपाट दाबून काढलेली वीण, कुठे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं. आणि त्या खडबडीतून वर येणाऱ्या तिच्या चार-पाच ठरलेल्या वस्तू: शिडी, होडी, घागर, डोळा नसलेला मासा. रंग पांढरे, राखाडी, काळे, मातकट, थोडा निळा. मी डोकं तिरपं केलं.

"अप्रतिम टेक्स्चर," मी म्हणाले.

"हात लाव," ती म्हणाली.

मी संग्रहालयांत शिकलेली बाई, हात कसा लावणार? मग तिनेच माझं मनगट धरून तळवा फळ्यावर घासला. माझी बांगडी त्यात अडकली आणि होडीचा एक टवका उडाला. मी घाबरले. तिने टवका उचलून बघितला, खिशात टाकला आणि म्हणाली, होडी जुनी दिसायला हवीच होती.

शिडीचा अर्थ काय, हे विचारल्याशिवाय तेव्हा मला झोप लागणं शक्य नव्हतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, शिडी म्हणजे आत्म्याचं वर जाणं. मी घरी येऊन यांना ते ऐकवलं. दुसऱ्यांदा म्हणाली, शिडी म्हणजे आमच्या अंगणातलं अंजिराचं झाड आणि माझा भाऊ. तिसऱ्यांदा म्हणाली, फळ्याची उजवी बाजू रिकामी दिसत होती, काहीतरी उंच हवं होतं. मी चिडले. म्हटलं, यातलं खरं कोणतं? तिने माझ्याकडे अशी कीव करून बघितलं की शाळेत मी ज्या पोरांकडे तसं बघायचे त्या सगळ्यांची मला आठवण झाली.

तिच्या सवयी सांगाव्या तेवढ्या थोड्या. दुपारचं जेवण ती उभ्याने जेवायची, कारण बसलं की गिलावा वाळतो. गिलावा लावलेला नसला तरी उभ्यानेच. सगळं गाव सायकलवर असताना ही पायी हिंडायची आणि वाटेतल्या इमारती वाजवत जायची. इथल्या ब्रेडला ती इस्त्री केलेला स्पंज म्हणायची. माझा आल्याचा चहा तिला आवडायचा, पण ती त्याला सूप समजायची आणि त्यात मीठ मागायची. माझी मैद्याची चाळणी तिने संगमरवराची पूड चाळायला नेली, ती कायमची. मी आठवण केली की म्हणायची, तुझ्याकडे तिच्यातून शंकरपाळे होतात, माझ्याकडे आकाश होतं, तूच सांग कुणाला जास्त गरज आहे.

आणि चुना. कोठीच्या कोपऱ्यात झाकणाची एक मोठी बादली होती, आत भिजवलेला चुना, वर वीतभर पाणी. चुना जितका मुरेल तितका मऊ होतो म्हणे. हा तिने स्वतःच्या गावाहून गाडीत घालून आणला होता आणि तो माझ्या लेकीएवढा जुना होता. रोज सकाळी ती झाकण काढून त्याला सुप्रभात म्हणायची. शेजाऱ्यांना म्हणायची की नाही, ते त्या दिवशीच्या विमानांवर अवलंबून. आमच्या डोक्यावरून विमानं इतकी खालून जायची की गिलाव्याला तडे जातात असा तिचा दावा होता, आणि त्याचा दोष ती ज्या शेजाऱ्याच्या हातात प्रवासाची बॅग दिसेल त्याला द्यायची.

ही सगळी गंमत. तिच्या मनातला सल मला उशिरा कळला. ती मुळात भिंतीवर चित्रं काढायला शिकलेली. ओल्या गिलाव्यावर रंग लावायचा, गिलावा वाळताना रंग पोटात घेतो, मग भिंत आणि चित्र एकच होतं. तिच्या देशात वयाच्या विशीत ती मचाणावर चढून देवळांच्या भिंती रंगवणाऱ्या गुरूच्या हाताखाली होती. मग लग्न करून इथे आली आणि इथे भिंतच नाही. बाहेरून सगळा देश विटांचा, त्या विटा पावसाने कायम ओल्या, आणि आतून पुठ्ठा. म्हणून ती लाकडी फळ्यांवर गिलावा चढवायची. "फळ्यावर हे काम करणं म्हणजे टबात पोहणं," ती म्हणायची. "हातपाय हलतात. कुठे पोचत नाही."

एवढ्या वर्षांत एक भिंत मिळाली नव्हती. आणि उजवा खांदा दुखायला लागला होता. मी तिला हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे घेऊन गेले, तर त्या डॉक्टरांनी या देशाच्या रिवाजाप्रमाणे पॅरासिटामॉल सांगितली. परतताना ती नेहमीसारखी भिंती वाजवत नव्हती. म्हणाली, अजून दोन वर्षं, फार तर तीन. मग भिंत मिळाली तरी माझा हात तिच्यावर चालायचा नाही.

म्हणून त्या वर्षीच्या प्रदर्शनाला एवढं महत्त्व आलं. कालव्याकाठच्या एका छोट्या गॅलरीने तिचं एकटीचं प्रदर्शन ठेवायचं कबूल केलं होतं. गॅलरीवाली उंच, सरळ, सडेतोड डच बाई, पण चुनेवालीवर जीव असलेली. तिनेच बातमी काढली की ब्रेडा शहराजवळच्या एका गावात वृद्धांसाठी नवं निवासस्थान बांधतायत, जेवणघरात एक मोठी विटांची भिंत आहे, आणि तिच्यावर काहीतरी चितारून घ्यायचं त्यांच्या मनात आहे. त्यांची तीन माणसं प्रदर्शन बघायला येणार होती. आवडलं तर भिंत तिची.

त्या दिवसापासून चुनेवाली बोलायची कमी झाली आणि कामाला अशी भिडली की मला कोठीत उभं राहायलाही जागा देईना. मी तरी जायचेच. शेवटचा फळा राहिला होता, सगळ्यांत मोठा. त्याच्यावर होडी येणार होती, एक शिडी आडवी टाकलेली, आणि बाकी सगळं पाणी.

आता माझा पराक्रम.

खंडेनवमी आली. परदेशात गेलेली मराठी बाई सणवार पुण्यापेक्षा दुप्पट कडक करते, तशी मी करत होते. पण पूजेला शस्त्रं कुठून आणायची? घरात एक सुरी, यांचा लॅपटॉप आणि माझी सायकल. लॅपटॉपला यांनी सक्त मनाई केली होती, कारण आदल्या वर्षी कुंकू कळफलकात गेलं आणि महिनाभर स्पेसबार अडकत होता. मग मला एकदम आठवलं, खाली कोठीत थाप्या आहेत, ओळंबा आहे, ब्रश आहेत, खऱ्या कारागिराची हत्यारं आहेत. मी ताट केलं, झेंडूची फुलं घेतली आणि खाली उतरले. इटलीला मी आपली संस्कृती दाखवणार होते.

ती मचाणवजा स्टुलावर उभी राहून फळ्यावर शेवटचा हात फिरवत होती. मी काय करणार ते सांगितलं, तर तिने लगेच खाली उतरून थाप्या फडक्याने पुसून माझ्यापुढे ओळीने मांडल्या. लग्नातल्या मुलीकडच्या माणसांसारखी हात बांधून उभी राहिली. मी हळद लावली, कुंकू लावलं, फूल वाहिलं. मग शिक्षिका जागी झाली आणि मी समजावून सांगितलं की आज हत्यारांचा दिवस, आज त्यांना विश्रांती, पूजा झाल्यावर ती आज हाती धरायची नाहीत.

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"का?"

तिने फळ्याकडे बोट केलं. सकाळीच पूर्ण फळ्यावर ओला गिलावा चढवला होता. तो वाळायच्या आत रंगवला नाही तर खरवडून टाकायचा, आणि नवा थर चढवून सुकवायला आता दिवस उरले नव्हते.

मी हसले. म्हटलं, अहो, हे आपलं म्हणायचं असतं, आमचे हे तर आजही कंपनीत जाऊन काम करतायत. तुम्ही खुशाल थापी घ्या. तिने माझ्याकडे असं बघितलं की माझं हसणं आपोआप आवरलं. "तू त्यांना सांगितलंस आज आराम," ती म्हणाली. "माझ्यासमोर सांगितलंस. आता मी त्यांना उठवू?"

मी गयावया केली. म्हटलं, माझ्या माहेरी नुसती कात्रीची पूजा व्हायची आणि दुपारी आई तिनेच रवा-मैद्याच्या पिशव्या कापायची. उपयोग झाला नाही. खंडेनवमी माझी, पण पाळणार ती. थोडा वेळ ती फळ्यासमोर येरझारा घालत राहिली. मग एकदम थांबून तिने विचारलं, "हातांची पूजा केलीस?"

"नाही."

"मग हात मोकळे आहेत."

आणि बाह्या सारून ती कामाला लागली. ब्रश नाही, थापी नाही. रंग वाटीतून तळहातावर घ्यायचा आणि ओल्या चुन्यावर दाबायचा. बोटांनी पाणी ओढलं, कोपराने होडीचा पोटाकडचा फुगवटा काढला, नखाने शिडीच्या पायऱ्या. डाव्या बाजूपर्यंत हात पुरेना, तेव्हा मला ओरडली की बघत काय उभी आहेस, होडीची कड धर, तळव्याने दाब, मऊ आहे तोवर. मी पदर खोचला आणि दाबलं.

आता सांगायला हवं की मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. हळद अल्कलीत गेली की लाल होते, हे मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आले होते. कुंकू पूर्वी असंच करायचे, हेही सांगायचे, आणि माझ्या ज्ञानावर पोरं थक्क व्हायची. पण माझ्या बोटांना हळद लागलेली आहे आणि समोर ओला चुना आहे, हे त्या पदवीधर डोक्यात शिरलं नाही. मी हात उचलला तर होडीच्या कडेवर माझा लालभडक पंजा.

त्या बाईने उभ्या आयुष्यात लाल रंग वापरला नव्हता. का, असं मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली होती, लाल ओरडतो. मी सॉरी म्हटलं, इटालियनमध्ये म्हटलं, मराठीत म्हटलं. ती ऐकत नव्हती. पंजाच्या अगदी जवळ नाक नेऊन बघत होती.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

"काय?"

"ते पिवळं. दोन्ही हातांना."

मग आम्ही होडीच्या कडेने पंजे उमटवत गेलो. पिवळा हात लागायचा आणि डोळ्यांदेखत लाल व्हायचा. मी तिला सांगितलं की आमच्याकडे लग्नकार्यात, नव्या घरात असे हळदी-कुंकवाचे हात उमटवतात. ती म्हणाली, मग तुम्हाला चित्रकारांची गरजच काय? हाताची आग व्हायला लागली तेव्हा तिने व्हिनेगरची बाटली आणून माझ्या हातांवर ओतली. चुना खातो कातडीला. माझी सालपटं पुढे कितीतरी दिवस निघत होती. तिच्या हातांना काही झालं नाही, ते कधीच गिलाव्याचे झालेले होते.

हात पुसताना ती म्हणाली, "हा लाल राहणार नाही. झाडपाल्याचे रंग चुन्यात टिकत नाहीत. माझ्या गुरूने मला यासाठी मचाणावरून ढकललं असतं."

"मग लावला कशाला?"

"आज थाप्या झोपल्या होत्या," ती म्हणाली. "ते दिसायला नको?"

गॅलरीवालीने फळा बघितला आणि तिचा लांब चेहरा पहिल्यांदा आडवा पसरला. शेवटी एकदाचा लाल, ती म्हणाली. लगेच फोटो काढून निमंत्रणपत्रिकेवर छापला. तो ब्रेडाच्या लोकांनाही गेला आणि त्यांनी उलट कळवलं की हेच, असंच काहीतरी आम्हाला जेवणघरात हवंय.

उद्घाटनाला आमच्या ओळखीची मराठी मंडळी झाडून आली, कारण मी झाडून सगळ्यांना सांगितलं होतं. पंजे माझे आहेत हे मी कुणालाही सांगणार नव्हते. पण चित्रापुढे मी हात अशा बेताने धरून उभी होते की कुणालाही विचारावंसं वाटावं. पंजांना जुळेल अशी लाल पैठणी नेसले होते. लेक कानाशी येऊन म्हणाली, "आई, पंजे केशरी आहेत." बघितलं तर खरंच. त्या थोड्याच दिवसांत लाल उतरून केशरावर आला होता. सगळ्या गॅलरीत आता लाल अशी मी एकटीच होते.

पुढे तो आणखी उतरत गेला. मी रोज ट्रामने जाऊन बघायचे. ब्रेडाची माणसं यायच्या आदल्या दिवशी गॅलरीवालीने मला कोपऱ्यात घेतलं. तिच्या हातात लाल रंगाची छोटी बाटली होती, मातीपासून केलेला, चुन्यात टिकणारा. म्हणाली, ती माझं ऐकत नाही, तू सांग. पंजांवरून नुसता एक हात फिरवायचा आहे. निमंत्रणाच्या कार्डावर छापलंय ते उद्या फळ्यावर दिसलं पाहिजे, नाहीतर त्यांना वाटेल आपण फसवतोय.

मला तिचं पूर्ण पटलं. खरं तर माझ्या पंजांचं अमरत्वही त्यात होतंच. मी बाटली घेऊन चुनेवालीकडे गेले. म्हटलं, तुमचीच भिंत आहे, तुमचाच खांदा आहे, एका बाटलीसाठी घालवू नका.

तिने बाटली उघडून वास घेतला. "चांगला आहे," म्हणाली.

"मग लावा."

"तुझे हात कसे आहेत?"

मी दाखवले. सालपटं गेली होती, नवी कातडी आली होती.

"रंग गेला ना? तुझ्या हातावरचा गेला तर फळ्यावरचाही जाईल. मग फळ्यावरचे हातच तेवढे मी रंगवून ठेवू?" मग बाटलीचं बूच घट्ट लावून तिने ती माझ्या हातात परत दिली. "मला भिंत हवीय, सिन्योरा. तुला माहीत नाही इतकी हवीय. पण खोटं बोलून मिळवलेल्या भिंतीसमोर मला रोज उभं राहावं लागेल, तुला नाही."

दुसऱ्या दिवशी ते तिघे आले. निवासाचा व्यवस्थापक, गळ्यात मफलर घातलेला. तरुण आर्किटेक्ट. आणि चाकांच्या खुर्चीत एक आजीबाई, नव्वदीच्या आसपासच्या, त्या जुन्या निवासात राहत होत्या आणि नव्यात जाणार होत्या. रहिवाशांतर्फे त्यांना समितीत घेतलेलं. व्यवस्थापकाने खिशातून कार्ड काढलं, फळ्याशेजारी धरलं, पुन्हा कार्डाकडे बघितलं.

"इथे लाल आहे," तो म्हणाला.

"होता," चुनेवाली म्हणाली. "आता केशरी. मग पिवळा होईल. मग जाईल."

गॅलरीवाली जोरात खोकली. व्यवस्थापक सभ्य माणूस होता. त्याने नीट समजावून सांगितलं की होडी त्यांना फार आवडली आहे, पण जी गोष्ट जाणार आहे ती भिंतीवर काढून घ्यायची म्हणजे लोकांना काय उत्तर देणार. होडी, पाणी, शिडी हे तरी राहील ना? ती म्हणाली, तुमची इमारत पडली तरी ते राहील. मग पंजांसाठीही टिकणारा लाल वापरता येईल ना, त्याने विचारलं. तसा मिळत असेलच बाजारात.

"मिळतो," ती म्हणाली. "नको."

बाटली माझ्या पर्समध्ये होती. मी पर्स छातीशी धरून उभी होते. आर्किटेक्ट आपल्या बुटांकडे बघत होता. चुनेवालीचा उजवा हात डाव्या हाताने धरलेला होता, खांदा दुखला की ती तसं धरायची, आणि तिचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात आजीबाईंनी खुर्ची स्वतःच ढकलत फळ्यापाशी नेली. चष्मा वर करून पंजे बघितले. मग डचमध्ये स्वच्छ विचारलं, "किती दिवस टिकतो हा रंग?"

"एक वर्ष," चुनेवाली म्हणाली. "भिंतीवर ऊन येत नसेल तर दोन."

आजीबाईंनी मनाशी हिशेब केला. "मग मला पुरतोय," म्हणाल्या.

व्यवस्थापक कानकोंडा झाला. म्हणाला, असं का बोलता, आणि शिवाय तुमच्यानंतर जे राहायला येतील त्यांचं काय?

"त्यांनी आपापले हात लावावेत," आजीबाई म्हणाल्या. आणि या माणसाला सगळंच सांगावं लागतं, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं.

आर्किटेक्टने मान वर केली. म्हणाला, होडीची कड तेवढी दरवर्षी नव्याने लिंपता येईल, कठीण नाही, भिंत खऱ्या विटेचीच आहे. व्यवस्थापकाने कार्ड घडी करून खिशात ठेवलं, मफलर सैल केला आणि विचारलं, वसंतात सुरुवात करता येईल का.

ज्या प्रश्नाची तिने एवढी वर्षं वाट बघितली, तो तिला ऐकूच आला नाही. ती आजीबाईंच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसली होती.

"हात वर करा," ती म्हणाली. "जितका जातो तितकाच. होडीची कड तिथेच येणार."

आजीबाईंनी हात उचलला. तो खांद्याच्या जरा वर गेला आणि थांबला. चुनेवालीने तो तिथेच, फळ्याशेजारच्या भिंतीला टेकवला, केसांत खोचलेली पेन्सिल काढली आणि गॅलरीवालीच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर, बोटांच्या टोकाशी, जाड रेघ ओढली.

"पाणी इथपर्यंत," ती म्हणाली.